मिस्त्री आले म्हणजे दुकान गेलं

मिस्त्री म्हणजे खरं तर सुतार. पण दुकानात कामाला लागले त्या दिवशी कुणीतरी "ओ मिस्त्री" अशी हाक मारली आणि ती त्यांना जन्माची चिकटली. पुढे कंपनी झाली, ओळखपत्रं आली, तेव्हा त्यांच्या ओळखपत्रावरचं नाव वाचून नवी माणसं विचारायची, "हे कोण बुवा?" घरात बायको "अहो" म्हणायची, मेव्हणा "दाजी" म्हणायचा. बाकी सगळ्या जगाला ते मिस्त्रीच.

दुकान तेव्हा चौकात होतं. तोंडाशी अरुंद आणि आत बोगद्यासारखं लांब. पुढे रंगाचे डबे, मधे नळ आणि पाइप, मागे खिळे, स्क्रू, कड्या-कोयंडे. गिऱ्हाईक हातात काहीतरी मोडकं घेऊनच यायचं. वाकलेली बिजागरी, गळका नळ, आत चावी तुटलेलं कुलूप. मालक ते काउंटरवर ठेवून डॉक्टरसारखे उलटंपालटं करून बघायचे आणि मग म्हणायचे, "हे नवीन घेऊ नका, एक वायसर बदला, चालेल." लोकांचा त्यांच्यावर जीव बसला तो या वायसरमुळे. मिस्त्री मागच्या उघड्या जागेत फळ्या कापून द्यायचे. दिवसभर अंगावर भुसा, संध्याकाळी दोघांचा चहा, एवढंच आयुष्य होतं आणि त्यात कुणाची काही तक्रार नव्हती.

एका दुपारी मालकांनी मिस्त्रींना स्कूटरवर मागे बसवलं आणि एका बंद पडलेल्या सिनेमागृहासमोर नेऊन उभं केलं. आत अंधार होता. खुर्च्या उपटून नेलेल्या, जमिनीवर बोल्टांची भोकं तेवढी राहिलेली.

"इथे काय करायचंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"दुकान."

"मालक, जमीन उतरती आहे. वर स्क्रू सांडला तर थेट पडद्यापाशी जाऊन थांबेल."

"म्हणून तर तुला आणलंय," मालक म्हणाले.

त्या उतारावर मिस्त्रींनी लाकडी सांगाडा उभा केला, वर जाड फळ्या ठोकल्या, आणि त्या सपाट तळावर रॅकच्या रांगा लावल्या. एवढं मोठं दुकान त्या शहराने पाहिलं नव्हतं. उघडल्यावर लोक सहलीला आल्यासारखे घरची सगळी मंडळी घेऊन आले. काउंटर नाही, मागावं लागत नाही, हवं ते हातात घेऊन बघा. एक बाई नमुन्याला लावलेलं दार कितीतरी वेळ नुसतं उघडत होती आणि लावत होती. तिला विकत काहीच घ्यायचं नव्हतं. मिस्त्री कोपऱ्यात उभं राहून तिच्याकडे बघत होते. ते दार त्यांनी बसवलं होतं. इतकं हलकं बसलं होतं की करंगळीने फिरावं. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी बायकोला हे सांगितलं, आणि ती म्हणाली, "मग आपल्या मोरीचं दारही एकदा बघा."

मग मालकांना थांबता येईना, आणि लोकही त्यांना थांबू देईनात. दुसऱ्या शहरात दुकान झालं, तिसऱ्यात झालं, मग कुठे कुठे झालं ते मोजायचं सोडून दिलं. मालकांचा मुलगा, ज्याला सगळे धाकटे मालक म्हणत, बाहेर शिकून आला आणि त्याने सगळ्या दुकानांना एकच रंग दिला, एकच पाटी दिली, नोकरांना निळे सदरे दिले. प्रत्येक नवीन जागेत सगळ्यांच्या आधी मिस्त्री जायचे. रिकामं गोदामासारखं दालन, ओल्या सिमेंटचा वास, एका कोपऱ्यात लोखंडी रॅकचे ढीग. हाताखालची माणसं तिथलीच घ्यायची, त्यांना शिकवायचं, रांगा उभ्या करायच्या. रात्री लॉजच्या खाटेवर पाठ टेकायची. शटरला फीत बांधली जाईपर्यंत मिस्त्री पुढच्या गावाच्या गाडीत बसलेले असायचे. पहिली काही दुकानं सोडली, तर एकाही दुकानाचं उद्घाटन त्यांनी पाहिलं नाही.

घरी त्यांची बॅग कधी पूर्ण रिकामी व्हायची नाही. एकदा बऱ्याच आठवड्यांनी आले, तर मुलीने दार उघडलं, आत गेली आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या पेल्यातून पाणी घेऊन आली. बायकोला हसू आवरेना. मिस्त्रीही हसले. मग मुलीने तो पेला परत नेला आणि रोजच्या पेल्यातून पाणी आणलं.

बायकोचा धाकटा भाऊ एका लहान गावात दारं-खिडक्या करायचा. स्वतःचं वर्कशॉप, एक कापायचं मशीन, एक रंधा मारायचं, दोन माणसं हाताखाली. हात बरा होता आणि तोंड त्याहून बरं, त्यामुळे गिऱ्हाईक टिकून होतं. त्याच गावाच्या नव्या रस्त्यावर कंपनीने दुकान काढलं, आणि रॅक उभे करायला अर्थातच मिस्त्री गेले. उतरले मेव्हण्याकडेच. एका संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला.

"लाकडाच्या विभागाला मुख्य माणूस हवाय. मी शब्द टाकतो."

"आणि वर्कशॉप?"

"अरे, आमच्याकडे तयार दारं येतात. आज मागितलं की उद्या घरात. तुझ्या दाराला पंधरवडा लागतो. कोण थांबणार तुझ्यासाठी?"

मेव्हण्याने ताटातला भात बाजूला सारला. "दाजी, तुम्ही म्हणताय म्हणून," एवढंच म्हणाला. पुढच्या महिन्यात त्याने दोन्ही मशीनं विकली आणि निळा सदरा घातला. त्या दुकानात लवकरच त्याच्याशिवाय पान हलेना. मिस्त्रींना बरं वाटलं. आपण कुणाचं तरी भलं केलं, असं ते मनातल्या मनात म्हणून घ्यायचे.

घसरण कधी सुरू झाली ते कुणालाच नेमकं सांगता आलं नसतं. थोरले मालक आजारी पडून घरी बसले, हे एक. धाकट्या मालकांनी कुणा मोठ्या मंडळींना भागीदार करून घेतलं, हे दुसरं. ती मंडळी दुकानात यायची ती चकचकीत बूट घालून, आणि म्हणायची की खिळे-वायसर ठेवून जागा अडते. मग खिळे मागे गेले. पुढे उशा आल्या, मेणबत्त्या आल्या, भिंतीवर टांगायची शोभेची घड्याळं आली. मोडका नळ घेऊन आलेल्या माणसाला मेणबत्ती काय कामाची? तो परत गेला तो गेलाच. जे येत राहिले ते नळाला हात लावून बघायचे, खोक्यावरचा नंबर मोबाइलमध्ये टिपायचे आणि घरी बसून दुसरीकडून मागवायचे. एक गृहस्थ तर मिस्त्रींनाच म्हणाला, "जरा हा बॉक्स धरता का सरळ? फोटो नीट येत नाहीये." मिस्त्रींनी धरला.

मग माल देणारे हात आखडता घेऊ लागले. एका दुकानात मिस्त्री रॅकची दुरुस्ती करायला गेले तेव्हा त्यांना वेगळंच दिसलं. समोरून रांग भरलेली, पण मागे हात घातला तर पोकळी. एकेक डबा पुढे ओढून ठेवलेला. वरच्या फळीवर नुसती रिकामी खोकी, तोंडं चिकटपट्टीने बंद केलेली.

"हे काय?" त्यांनी तिथल्या मॅनेजरला विचारलं.

"वरून सांगितलंय. दुकान भरलेलं दिसलं पाहिजे."

"वजन नसलं की रॅक हलतो हो."

"हलू दे," मॅनेजर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

आणि थोड्याच दिवसांत ऑफिसातून फोन आला. अमुक गावाला जा. रॅक उतरवायचे आहेत. चांगले असतील ते दुसरीकडे पाठवा, बाकी भंगारात. मिस्त्रींना वाटलं, एखादंच दुकान असेल. पण मग पुन्हा फोन आला, आणि पुन्हा. जी जी दालनं त्यांनी उभी केली होती, त्यांतच ते पाना घेऊन परत जाऊ लागले. त्यांनीच घट्ट आवळलेले बोल्ट त्यांनाच सोडवेनात. कंपनीला त्यात सोय होती. कुठली कडी कशात अडकवली आहे हे दुसऱ्या कुणाला समजावत बसायला नको.

हळूहळू सगळ्या दुकानांतून एकच बोलणं पसरलं, मिस्त्री आले म्हणजे दुकान गेलं. एकदा एका शहरातून जाताना त्यांना सहज सांगण्यात आलं होतं की तिथल्या दुकानात एक रॅक डुगडुगतोय, बघून या. ते हत्यारांची पिशवी खांद्याला लावून दारातून आत शिरले, तर गल्ल्यावरच्या बाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि हातातली नाणी तशीच टाकून रडायलाच लागली. रांगेतली गिऱ्हाइकं बघतच राहिली.

"अहो बाई, नुसता एक रॅक हलतोय," मिस्त्री म्हणाले. "खरंच. दोन बोल्टचं काम आहे."

"शपथ घ्या," ती म्हणाली.

त्यांनी शपथ घेतली. रॅक घट्ट केला. पण दुपारी जेवायच्या खोलीत ते बसले त्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. जेवणाचा डबा उघडून लोक उभ्यानेच खात राहिले, आणि मिस्त्रींना वाटलं, आपल्या अंगाला कसला तरी वास येत असावा.

पाठ धरू लागली होती. गुडघे जिना चढताना कुरकुरायचे. घरी आले की ते चपला काढायच्या आधी दाराजवळच्या स्टुलावर बसायचे आणि तसेच बसून राहायचे. मुलगी आता दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती फोनवर म्हणायची, "बाबा, सोडा ना आता." ते म्हणायचे, "बघू."

एका रविवारी सकाळी बायको बॅग भरत होती. सदऱ्याची घडी घालता घालता तिने नेहमीसारखं विचारलं, "कुठे या वेळी?"

मिस्त्रींनी गावाचं नाव सांगितलं.

तिच्या हातातला सदरा तसाच राहिला. ते तिच्या भावाचं गाव होतं.

"त्याला सांगितलंत?"

"सांगता येत नाही. ऑफिसातून सक्त ताकीद आहे. आधी कळलं तर लोक काम टाकून जातात, माल गायब होतो."

"तो माल गायब करेल?"

"तसं नाही गं."

"मग कसं?" ती खाटेवर बसली. "त्याची दोन पोरं शाळेत आहेत. तुम्ही शटरपाशी पिशवी घेऊन उभे राहणार आणि तो तुम्हाला बघणार. तेव्हा त्याला कळायचं?"

मिस्त्री न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. बाहेर आले तेव्हा बायको फोनवर बोलत होती. आवाज शांत होता. "हो, बुधवारी. नाही, त्यांनी नाही सांगितलं. मी सांगतेय." त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला नाही. घ्यायला हवा होता की नको, हे त्यांना त्या क्षणी ठरवताच आलं नाही. आणि फोन बंद झाला.

मेव्हण्याने पोटात ठेवलं नाही. त्याच संध्याकाळी दुकानातल्या सगळ्यांना सांगून टाकलं. त्यामुळे झालं ते चांगलंच झालं. रंगाच्या विभागातल्या बाईंनी लगोलग एका शाळेत अर्ज टाकला आणि पुढे तिथे लागल्या. दोघं-तिघं गावातल्याच दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेले. कुणी काही चोरलं नाही. उलट जाताना सगळ्यांनी आपापले विभाग पुसून स्वच्छ केले. पण ऑफिसला पत्ता लागलाच, आणि मिस्त्रींना बोलावणं आलं. टेबलापलीकडे बसलेल्या मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या.

"बातमी कुणी फोडली?"

"मी," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही? इतक्या वर्षांचा माणूस?"

"हो."

मॅडमनी डोळे मिटून कपाळ दाबलं. त्यांनाही बहुधा झोप मिळत नसावी. "आता काय करू मी तुमचं? ते काम तेवढं उरकून या. मग बघू."

बुधवारी मिस्त्री गेले. मेव्हणा दारातच उभा होता, अंगात निळा सदरा नव्हता. रॅक उतरवायला रोजावर माणसं हवी होती, आणि तो त्यांच्यात उभा राहिला होता.

"ताईने सांगितलं," तो म्हणाला. "तुम्ही नाही."

"मला सांगता येत नव्हतं."

"मशीनं विकायला सांगताना येत होतं."

मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली आणि पाना काढला. दोघांनी दिवसभर एकाच रांगेवर काम केलं, एक या टोकाला, एक त्या टोकाला. कडी सुटली की मेव्हणा "हं" म्हणायचा, मिस्त्री "धर" म्हणायचे, आणि लांबलचक लोखंडी पट्टी दोघांच्या हातांवर तोलत खाली यायची. कामात दोघांचा मेळ असा बसला होता की बघणाऱ्याला वाटावं, यांचं किती पटतं. दुपारी चहा आला तेव्हा मेव्हण्याने दुसऱ्या माणसाला सांगितलं, "मिस्त्रींना द्या." इतक्या वर्षांत त्याने त्यांना या नावाने कधी हाक मारली नव्हती. मिस्त्रींनी चहा घेतला. गरम होता, जीभ पोळली, तरी ते पीत राहिले.

त्या वेळी ते मेव्हण्याकडे उतरले नाहीत. स्टँडजवळच्या लॉजमध्ये राहिले आणि काम संपल्यावर कुणाचा निरोप न घेता परतले.

कंपनी त्यानंतर फार तगली नाही. शेवटी सिनेमागृहातलं दुकानही गेलं. त्या कामाला मिस्त्रींना बोलावलं नाही. एका कंत्राटदाराने गॅसकटर लावून सगळं दोन-चार दिवसांत कापून नेलं. थोरले मालक त्याच्या आधीच गेले होते. धाकटे मालक दुसऱ्या देशात आहेत असं कुणी म्हणायचं, कुणी म्हणायचं इथेच आहेत, पण कुणाला भेटत नाहीत. मिस्त्रींचं काम संपल्याचं त्यांना फोनवर कळलं. बोलणाऱ्या मुलीने त्यांचं खरं नाव घेतलं, तेव्हा आधी त्यांना वाटलं, चुकीचा नंबर लागलाय.

मग घरी बसणं आलं. पहाटे जाग आली की आपण कुठल्या गावात आहोत हे त्यांना चटकन कळायचं नाही. खिडकी कुठल्या बाजूला आहे ते आधी शोधायचे. बायकोलाही दिवसभर घरात नवरा असण्याची सवय नव्हती. ती केर काढायची आणि ते पाय वर घ्यायचे. ती म्हणायची, "जरा बाहेर जाऊन या ना." ते कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. मोरीचं दार मात्र त्यांनी नवीन बसवलं. बायकोने एकदा उघडून-लावून पाहिलं आणि म्हणाली, "छान झालं." बाकी काही टोमणा मारला नाही. तो मारला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

वर्षभराने मेव्हण्याचा फोन आला, तो बहिणीला. त्याने पुन्हा वर्कशॉप सुरू केलं होतं. गावाबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये, जुनं मशीन घेऊन. मोठी कंपनी गेल्यावर तयार दारं कुणी आणेना, आणि आणलेली दोन पावसाळ्यांत फुगून बसली होती. लोक परत मापं घेऊन येऊ लागले होते. एका दवाखान्याच्या सगळ्या दारांचं काम आलं होतं आणि त्याला माणूस पुरत नव्हता. "त्यांना विचार," तो बहिणीला म्हणाला, "येतात का."

"तूच विचार की. इथेच बसलेत."

पलीकडे मशीन बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "तू विचार गं."

तिने विचारलं. मिस्त्रींनी गुडघ्यावरून हात फिरवला. "बॅग भर," म्हणाले.

"दोन भरते," ती म्हणाली. "मी पण येणार. एकटं पाठवून झालं पुष्कळ."

वर्कशॉपपासून जवळच त्यांनी दोन खोल्या घेतल्या. मुलगी आली, बघून गेली, पडदे लावून गेली. मिस्त्री सकाळी शेडमध्ये जातात, दुपारी घरी येऊन आडवे होतात, जमलं तर पुन्हा जातात. जड उचलत नाहीत. मेव्हणा आणि ते कामापुरतं बोलतात. झाल्या गोष्टीचा विषय निघत नाही, आणि निघाला तर काय बोलायचं हे दोघांनाही ठाऊक नसावं. तरी संध्याकाळी मशीन बंद झालं की मेव्हणा दोन खुर्च्या बाहेर मांडतो. दोघं रस्त्याकडे बघत बसतात.

मागच्या महिन्यात शेजारची शेड रिकामी झाली. मेव्हणा म्हणाला, "घ्यावी म्हणतो. काम वाढतंय. तुम्हाला काय वाटतं?"

मिस्त्रींनी भुशाने पांढरे झालेले हात झटकले, पुन्हा झटकले. "मला विचारशील तर नको," म्हणाले. "आहे एवढंच झेपेल असं ठेव. पण माझं ऐकून तू एकदा फसलायस. आता तुझं तू ठरव."

मेव्हण्याने मान हलवली. आणि तिसऱ्या दिवशी शेड घेऊन मोकळा झाला.

मिस्त्री चिडले नाहीत. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अगदी आमच्या वडिलांवर गेलाय." ते भिंतीला टेकून बसले, थोडा वेळ डोळे मिटले. मग उठले, केरसुणी मागून घेतली, नव्या शेडमध्ये गेले आणि तिथला आधीच्या माणसाने टाकून दिलेला कचरा दारापर्यंत लोटत लोटत आणला. मधेच थांबून कमरेवर हात ठेवला. उरलेला अर्धा भाग उद्या करू असं म्हणून त्यांनी केरसुणी भिंतीला लावून ठेवली.